तुम्ही विचारलंत म्हणून: आधी उलटी बाजूच का बघता?

माझ्याकडे भरतकाम शिकायला येणारी जवळजवळ प्रत्येक जण पहिल्या पंधरा दिवसांत हे विचारते. मोठ्या हौसेनं रुमाल पुढे धरलेला असतो. वर गुलाब, दोन पानं, एक कळी. मी तो हातात घेते आणि लगेच पालथा करते. तिचा चेहरा उतरतो. परवा एकीनं विचारलंच, "काकू, फूल तर वरच्या बाजूला आहे. लोक वरूनच बघणार. मग तुम्ही आधी उलटी बाजू का बघता?"

घाईत मी "सवय आहे" म्हटलं. ते खरं होतं, पण पुरतं नव्हतं.

सवय घरातूनच लागली. माझे वडील सोलापुरी चादरीच्या कारखान्यात मागावर होते. बाजारात कुणी चादरीची नक्षी वरून न्याहाळू लागलं की ते म्हणायचे, घडी मोडा, पालथी करा. आपल्या जेकार्ड चादरीला दोन्ही बाजूंनी नक्षी असते, फक्त रंगांची अदलाबदल होते. या बाजूला लाल जमिनीवर पांढरं फूल असेल, तर त्या बाजूला पांढऱ्या जमिनीवर लाल. धागा चुकला की कुठल्या ना कुठल्या बाजूला दिसायचाच.

सुई हातात दिली ती अक्कांनी. सोलापूरच्या साखर पेठेत आमच्या शेजारी राहायच्या, माहेर धारवाडकडचं. मराठी छान बोलायच्या, पण माझं काम हातात घेतलं की "नोडु, नोडु" (कानडीत 'बघ, बघ') म्हणत कापड उलटायच्या आणि ज्या टाक्याशी घोळ झाला असेल त्यावर नख ठेवायच्या. शेवटी शेवटी त्यांना दिसायचं कमी झालं होतं. तेव्हा कापडाखालून अंगठा फिरवून सांगायच्या, "इथं गाठ मारलीस." कधी चुकल्या नाहीत.

तर उत्तर असं, की टाका वरून कसा दिसतो ते वरची बाजू सांगते. तो कसा घातला ते उलटी बाजू सांगते. आणि मला शिकवायचं असतं ते घालणं.

देठाचा टाका घ्या. वरून पीळ घातलेल्या दोरीसारखा दिसतो. पुढे एक टाका घ्यायचा आणि सुई मागे, त्या टाक्याच्या मध्यावर, आधीचा टाका जिथे संपला त्याच छिद्रातून वर काढायची. दोरा सतत सुईच्या एकाच अंगाला ठेवायचा, खाली तर शेवटपर्यंत खाली. हे नीट झालं तर मागच्या बाजूला काय उमटतं? हुबेहूब टीप. सारख्या लांबीचे टाके, एकाला एक चिकटून. आता सुई मध्यावर न येता थोडी पुढे आली असेल, तर वरून ओळ जरा बारीक वाटेल, बस. नवशिकीच्या डोळ्याला ते कळत नाही. पण मागे दोन टाक्यांच्या मध्ये फट पडलेली असते. सुई जास्तच मागे गेली असेल तर टाके एकमेकांवर चढलेले दिसतात. वरून बघून मी फक्त "काहीतरी बिघडलंय" म्हणू शकते. मागून बघून सांगते, "चौथ्या टाक्यापासून तुझा हात घाईला आला."

गंमत म्हणजे हे उलटंही खरं आहे. टीप घातलीत की मागे देठाच्या टाक्यासारखी ओळ येते. साखळीचा टाका मागून टिपेसारखा दिसतो. हेरिंगबोन वरून तिरप्या फुल्यांचा पट्टा, तर मागे धावदोऱ्याच्या दोन समांतर ओळी. हेच टाके अगदी दाटीनं घेतले की मागच्या दोन्ही ओळी अखंड होतात, आणि शॅडो वर्क म्हणजे नेमकं हेच. ऑर्गंडी किंवा वॉइलसारख्या पातळ कापडाच्या उलट्या बाजूनं हेरिंगबोन घालतात, समोरून फक्त कडा आणि आतल्या रंगाची सावली दिसते. लखनऊच्या चिकनकारीतली उलटी बखिया याच घराण्यातली. पंजाबची फुलकारीही कापडाच्या उलट्या बाजूनं, धागे मोजत भरतात. चंब्याच्या रुमालावर तर दोन्ही तोंडं सारखी येतात, म्हणून त्याला दोरुखा म्हणतात. उलटी बाजू म्हणजे लपवायची बाजू, हे आपण कुठून शिकलो कोण जाणे.

पण मला सगळ्यात जवळची ती अक्कांची कसुती, त्यांच्या धारवाडकडचं भरतकाम. सोलापुरात इरकल साडी घरोघरी असते, तिच्या पदरावर अक्का कसुती भरायच्या. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेला निघताना त्या नेसायच्या ती काळी चंद्रकळा मला अजून दिसते. तिच्या पदरावर गोपुरं, रथ, हत्ती, तुळशीवृंदावन. वाऱ्यानं पदर उलटला तरी गोपुर तसंच. मी लहान होते, मला वाटायचं दोन्ही बाजूंनी वेगवेगळं भरलंय.

कसुतीत छापा नसतो, पेन्सिलीची रेघ नसते. कापडाचे धागे मोजायचे. चार टाके आहेत: गवंती, मुर्गी, नेयगी आणि मेंथे. मेंथे म्हणजे मेथी, तो फुलीचा टाका. नेयगी विणीसारखा दिसतो. दोन्ही तोंडं सारखी येतात ती गवंती आणि पायऱ्यापायऱ्यांनी जाणाऱ्या मुर्गीत. गवंती अशी: चार धागे वर, चार धागे खाली, असा साधा धावदोरा घालत ओळीच्या टोकाला जायचं. मग त्याच वाटेनं परत फिरायचं आणि राहिलेल्या जागा भरायच्या. येताना सुई जुन्याच छिद्रातून गेली पाहिजे, पहिल्या दोऱ्याचा पीळ फाडून नाही. म्हणून मी मुलींना बोथट टोकाची सुई देते.

खरी कसोटी आडव्या ओळीत नाही, गोपुरात आहे. मधे पायरी आली, कळस आला, बाजूला फांदी निघाली, तर त्या फांदीत शिरायचं, टोकाला पोहोचायचं, भरत मागे यायचं, आणि मग मूळ वाट धरायची. एखादी फांदी जाता-येता दोन्ही वेळा विसरलात तर मग तिथे जायला रस्ता उरत नाही, मागून उडी मारावी लागते. अक्का सुई ओवण्याआधी कोऱ्या कापडावर बोटानं सगळी वाट फिरवून घ्यायच्या. मी आजही तसंच करते. आणि गाठ मारायची नाही. सुरुवातीला वीतभर शेपूट मोकळं सोडायचं, काम झालं की मागच्या टाक्यांत ओवून टाकायचं.

उलटी बाजू इतकी महत्त्वाची, हे मला पटायला मात्र बराच काळ गेला. अक्कांकडे जाणं सुटलं होतं तेव्हा भाचीच्या बारशाला मी झबलं भरलं. पांढरं मलमल, त्यावर फ्रेंच नॉटची, म्हणजे सुईला दोरा गुंडाळून घालतात त्या टाक्याची, बारीक पिवळी फुलं. सगळ्यांनी कौतुक केलं. मी मात्र एका फुलावरून दुसऱ्यावर जाताना आतून दोरा लांब ओढत नेला होता, दर वेळी गाठ मारून नवा दोरा घेण्याचा कंटाळा. चौथ्या-पाचव्या दिवशी बाळ रडायचं थांबेना. वहिनीनं झबलं उकलून बघितलं तर बाहीतल्या सैल दोऱ्यात करंगळी अडकून लाल झालेली. वेळेत कळलं म्हणून बरं. पाठीवर माझ्या गाठींचे ठिपकेही उठले होते. त्या रात्री मी ते झबलं उलटं करून समोर ठेवलं आणि एकेक फूल उसवलं.

म्हणून बाळाच्या कपड्यावर, रुमालावर, पदरावर मी सूट देत नाही. अस्तर लागणाऱ्या उशीच्या अभ्र्यावर मागे थोडं इकडेतिकडे झालं तर मी गप्प बसते. भिंतीवरच्या चौकटीत जाणाऱ्या कामालाही सूट आहे, फक्त पांढऱ्या कापडाआड गडद दोरा ओढू नका, तो समोरून सावलीसारखा दिसतो.

सुरुवात करणार असाल तर महागाचं काही नको. नवी पेठेतून पाव मीटर दोसुती (धागे सहज मोजता येतात असं सुती कापड), कापड ताणून धरायला एक रिंग आणि सहापदरी दोऱ्याची एक लडी. दोन पदर सुटे करून घ्या, लांबी हातभर, त्याहून जास्त नको. लांब दोरा दर टाक्याला कापडातून घासत जातो, तूस निघतं, गुंता होतो. पहिला आठवडा फक्त धावदोरा, वाकळेला घालतो तोच, वर-खाली सारखा. दुसरा आठवडा देठाचा टाका, सरळ रेघेवर नाही तर वळणावर, कारण वळणावर टाका आखूड करावा लागतो आणि हात तिथेच शिकतो.

मग कापड घेऊन या. फक्त आणताना इस्त्री फिरवू नका. दोरा कुठे जास्त ओढलात ते कापडाला पडलेल्या चुण्यांवरून कळतं, आणि इस्त्रीनं त्या सपाट होतात.