तोंड धुताना तोल जातो

परळच्या एका रुग्णालयात, मनोविकार विभागाच्या ओपीडीत मी समाजसेविका आहे. डॉक्टरांच्या आधी मी घरच्यांशी बोलते आणि हकीकत केसपेपरला जोडते. त्यामुळे आजाराचं कारण मला सगळ्यांच्या आधी कळतं, तेही एक नाही, चार-पाच.

लालबागच्या या आजोबांचंही तसंच. मुलगा म्हणाला, आई गेल्यापासून बाबा खचले. आत्याबाईंना खात्री होती की गावच्या जमिनीवरून भावकीनं करणी केली. सून गप्प होती, कारण आजोबांचा संशय तिच्यावरच: "ही माझ्या जेवणात काहीतरी कालवते." म्हणून ते स्वतःच भात टाकायचे आणि गॅस बंद करायला विसरायचे. रात्री उठून कड्या तपासायचे.

वय सत्तरीचं, आधी कधी असं झालेलं नाही, घराण्यातही कुणाला नाही. अशा वेळी आधी शरीराकडे बघायचं, हे आमच्याकडे नव्या निवासी डॉक्टरलाही पाठ असतं. पण मुलानं आणलेल्या रिपोर्टात हिमोग्लोबिन ठीक होतं.

मी नेहमीसारखी दिनक्रम विचारत होते. उठतात कधी, अंघोळ स्वतः करतात का? तेव्हा सून पहिल्यांदा बोलली. "तोंड धुताना पडतात हो. साबण लावून डोळे मिटले की बेसिनवरच आदळतात." आजोबांनी मान डोलावली. "पायाखाली कापूस अंथरल्यागत वाटतं, ताई."

मी हे केसपेपरवर लिहिलं आणि खाली रेघ मारली. आत डॉक्टरांनी त्यांना पाय जुळवून, डोळे मिटून उभं केलं, तर ते झाडासारखे कलले. घोट्यावर टेकवलेल्या ट्यूनिंग फोर्कची थरथर त्यांना कळतच नव्हती. पाय कुठे आहेत हे मेंदूला सांगणाऱ्या पाठीच्या कण्यातल्या मज्जातंतूंना इजा झाली होती. इतके दिवस डोळे ती उणीव भरून काढत होते. रक्तातलं बी-१२ हे जीवनसत्त्व शंभराच्याही खाली निघालं. ते कमी पडलं की मज्जातंतू झिजतात आणि मनात असे संशयही येऊ शकतात. किमान दोनशेच्या आसपास तरी हवं.

आजोबा माळकरी. बी-१२ मिळतं ते मासे-मटण आणि दुधातून. माळ घातल्यापासून मासे-मटण बंद, पुढे पोट बिघडतं म्हणून दूधही सोडलेलं. वर रोज आम्ल कमी करणारी गॅसची गोळी, आणि अन्नातून बी-१२ सुटं व्हायला पोटातलं आम्ल लागतं. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून सोडलेलं दूध आणि आलेला संशय यांचा संबंध घरात कुणालाच लागला नाही. बी-१२ कमी असलं की सहसा हिमोग्लोबिनही उतरतं, मग यांचं ठीक कसं? त्याचा उलगडा पिशवीतल्या गोळ्यांनी केला. ते रक्तवाढीसाठी कधीपासून फॉलिक अॅसिड घेत होते. त्यानं रक्त सुधारतं, पण मज्जातंतूंची झीज चालूच राहते.

गंमत अशी की फॉलिक अॅसिडच्या शोधाचं मूळ इथलंच. लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर १९२८ साली मुंबईत आली. गिरणीकामगार गरोदर बायकांचा रक्तक्षय यीस्टपासून केलेल्या मार्माइटनं बरा होतो, हे तिनं १९३१ साली मांडलं. त्यातला गुणकारी घटक पुढे फॉलिक अॅसिड ठरला.

आजोबांना बी-१२ची इंजेक्शनं सुरू झाली. पुढच्या फेऱ्यांत संशय ओसरला, आजोबा सुनेच्या हातचं जेवू लागले. पायांचा बधिरपणा मात्र पुरता गेला नाही. जुनी इजा सगळी भरून येत नाही.

मुलगा खूश होऊन म्हणाला, "म्हणजे बाबा वेडे नव्हते ना मॅडम, नुसतं व्हिटॅमिन होतं." मला ते खटकलं. बाजूच्या बाकावर स्किझोफ्रेनियाचा एक मुलगा आईबरोबर बसला होता. त्याचे सगळे रिपोर्ट चांगले होते. त्या आजारात आनुवंशिकतेचा मोठा वाटा असतो, मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचं गणित बिघडतं, पण बोट ठेवावं असा एक आकडा रक्तात सापडत नाही. म्हणून तो आजार कमी खरा होत नाही. मी हे आजोबांच्या मुलाला सांगितलं, जरा चढ्या आवाजातच.

मग आत्याबाईंना थांबवलं. त्याही माळकरी, आणि डायबिटीससाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्या. त्या गोळीनंही बी-१२ कमी होऊ शकतं. त्यांचा केसपेपर काढायला सुनेलाच खिडकीवर पाठवलं.