आल्बर्ट्सलुंडमधली औटकी

कोपनहेगनच्या मध्यवर्ती स्थानकावरून पश्चिमेला निघणारी ‘बी’ मार्गाची लोकल वीस-पंचवीस मिनिटांत आल्बर्ट्सलुंडला पोहोचते. हा रूळमार्ग डेन्मार्कमधला सर्वांत जुना रूळमार्ग आहे. रोस्किल्देपर्यंतची पहिली आगगाडी त्यावरून १८४७ साली धावली, म्हणजे आपल्या बोरीबंदर-ठाणे गाडीच्या सहा वर्षे आधी. भाचीकडे तीन आठवडे राहायला गेले होते आणि पहिल्या दिवसापासून मी गाडीत बसल्या बसल्या स्थानकांची नावे वाचण्याचा छंद लावून घेतला. ब्रॉन्ब्यूऑस्टर, ग्लोस्ट्रुप, टोस्ट्रुप अशी ती नावे. भाचीने सांगितले, की नावातले ‘ब्यू’ म्हणजे गाव आणि ‘रुप’ हे मूळच्या ‘टॉर्प’चे झिजलेले रूप. मूळ गावातून फुटून चार घरांनी दूर जाऊन वसवलेली वस्ती म्हणजे टॉर्प. आपल्याकडे अशा वस्तीला वाडी म्हणतात. व्हायकिंग लोक इंग्लंडात उतरले तेव्हा हे ‘ब्यू’ तिकडेही रुजले. डर्बी आणि ग्रिम्सबी ही नावे त्याचीच खूण आहेत. आल्बर्ट्सलुंडमधला ‘लुंड’ म्हणजे झाडांची राई. त्यातला शेवटचा ‘ड’ लिहायचा असतो, उच्चारायचा नसतो, हे मला दुसऱ्या दिवशी तिकीट-तपासनिसाच्या चेहऱ्यावरून कळले.

हे उपनगर आपोआप वाढलेले नाही. १९४७ साली कोपनहेगनच्या वाढीसाठी जो आराखडा मांडला गेला, त्याला ‘बोटांचा आराखडा’ म्हणतात. जुने शहर हा तळहात, त्यातून निघणारे लोकलचे मार्ग ही पाच बोटे, वस्ती बोटांवर करायची आणि बोटांमधल्या बेचक्यांत शेते आणि रान राखायचे, अशी ती कल्पना. रोस्किल्देच्या दिशेने गेलेल्या बोटावर, हेर्स्टेडव्हेस्टर आणि हेर्स्टेडऑस्टर या जुन्या खेड्यांच्या शेतजमिनीवर, १९६०च्या दशकात आल्बर्ट्सलुंड उभे राहिले. दक्षिण भागातली घरे एकमजली, इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखी काटकोनात वळलेली, आणि प्रत्येकाच्या कुशीत भिंतीआडचे छोटे अंगण. भाचीच्या अंगणात बसले की मला कोकणातल्या मागील दाराची आठवण होई, फक्त आकाश जास्त करडे. मोटारींचे रस्ते आणि पायी किंवा सायकलीने जाणाऱ्यांच्या वाटा येथे वेगळ्या ठेवल्या आहेत. जेथे त्या एकमेकींना छेदतात तेथे एक वाट पुलावरून किंवा भुयारातून जाते, त्यामुळे शेजारची सात वर्षांची मुलगी रस्ता न ओलांडता शाळेत एकटी जात होती. मध्यवर्ती भागातून पावसाचे पाणी नेणारा एक सरळसोट कालवा वाहतो आणि उत्तरेला, पूर्वी गहू-बार्ली पिकणाऱ्या जमिनीवर, १९६७पासून लावलेले विस्तीर्ण जंगल आहे.

तरीही या गावाला प्रतिष्ठा मिळाली असे नाही. त्याच्या हद्दीतल्या व्रिड्सलोसेलिले येथे १८५९ साली तुरुंग सुरू झाला आणि पुढे कित्येक पिढ्यांना ते नाव ऐकले की गाव न आठवता कोठडी आठवू लागली. येरवड्याच्या रहिवाशांना हे दुखणे समजावून सांगावे लागणार नाही. शिवाय १९६० आणि ७०च्या दशकांत तुर्कस्तान, पाकिस्तान आणि युगोस्लाव्हियातून कामासाठी आलेली पुष्कळ कुटुंबे कोपनहेगनच्या पश्चिमेकडच्या उपनगरांत स्थिरावली. येथील बाजाराच्या चौकात त्यामुळे डॅनिशइतकीच तुर्की आणि पंजाबी कानी पडते. भाजीवाल्याने मला पाहून सरळ उर्दूत भाव सांगितला, तेव्हा मनातून बरे वाटले हे कबूल करायला हवे.

मात्र बेकरीत उर्दू नव्हती. मी राय या धान्याचा काळा पाव आणि जिला सारे जग ‘डॅनिश’ म्हणते पण डॅनिश लोक मात्र ‘व्हिएन्नाचा पाव’ म्हणतात ती गोड पेस्ट्री घेतली. बाई म्हणाल्या, “फेम ओ हाल्फ्येर्स.” ‘फेम’ म्हणजे पाच, ‘ओ’ म्हणजे आणि, एवढे मला येत होते. ‘हाल्फ्येर्स’ कळेना. मी तळहातावर नाणी पसरली, त्यांनी त्यातून हवी तेवढी उचलली आणि मी खजील होऊन घरी आले.

संध्याकाळी भाचीने डॅनिशच्या वर्गाची वही काढली. “मावशी, यावर आमच्या वर्गातले सगळे वैतागतात. स्वीडिश आणि नॉर्वेजियन लोकसुद्धा हसतात.” वहीत लिहिले होते, की पन्नासपासून नव्वदपर्यंतचे दशक डॅनिशमध्ये विसाच्या पटीत मोजतात. साठ म्हणजे ‘ट्रेस’, तीन वेळा वीस. ऐंशी म्हणजे ‘फीर्स’, चार वेळा वीस. इथवर कोडीने आंबे मोजणाऱ्या माणसाला काहीच अडचण नाही. गंमत पुढे आहे. सत्तर म्हणजे ‘हाल्फ्येर्स’, त्याचे पूर्ण रूप ‘अर्धा चौथा वेळा वीस’. तीन पूर्ण आणि चौथा अर्धा, म्हणजे साडेतीन, आणि साडेतीन विसा सत्तर. पन्नास म्हणजे ‘अर्धा तिसरा वेळा वीस’, नव्वद म्हणजे ‘अर्धा पाचवा वेळा वीस’.

मी ती वही हातात घेऊन बराच वेळ बसले. आमच्या शाळेत गुरुजींनी पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी घोकून घेतली होती. औट म्हणजे साडेतीन आणि हा शब्द संस्कृत ‘अर्धचतुर्थ’ याचा प्राकृतातून झिजत आलेला अवशेष आहे. अडीच हा ‘अर्धतृतीय’चा. म्हणजे अर्धा चौथा आणि अर्धा तिसरा! दीडला डॅनिश आजही ‘अर्धा दुसरा’ म्हणतात. पंचवीस म्हणताना आपण पाच आधी आणि वीस नंतर म्हणतो, तेही तसेच म्हणतात. साऱ्या वर्गाला जी विक्षिप्त वाटत होती ती रीत माझ्या तोंडात लहानपणीच बसलेली होती. फरक इतकाच, की त्यांनी पटीचा ‘वीस’ बोलण्यातून गाळून टाकला, म्हणून आज पुष्कळ डॅनिश माणसांनाही आपल्या सत्तराची फोड पटकन सांगता येत नाही. पण ‘सत्तरावा’ म्हणताना मात्र तो गाळलेला वीस परत उमटतो.

नॉर्वेने १९५१ साली ही उलटी मोजणी सोडली आणि ‘पाच आणि वीस’ऐवजी ‘वीस-पाच’ असे अधिकृत केले, त्यामागे टेलिफोन खात्याचा आग्रह होता, कारण आकडे सांगताना चुका होत. २०१९ साली आपल्याकडे दुसरीच्या पुस्तकात ‘वीस दोन’ आणि ‘साठ तीन’ आले तेव्हा केवढी ओरड झाली होती, ते भाचीला सांगितले. माझा कल कोणत्या बाजूला आहे हे तिने विचारले नाही.

भाषेचा पूर्वेतिहास मी पुढे गावच्या ग्रंथालयात बसून चाळला. आइसलँडचे जुने लेखक उत्तरेकडील सगळ्यांच्या भाषेला सरसकट ‘डॅनिश जीभ’ म्हणत. त्या सामायिक भाषेची पूर्वेकडची शाखा म्हणजे डॅनिश आणि स्वीडिश. दहाव्या शतकात हॅराल्ड ब्लूटूथ राजाने येलिंग येथे उभारलेल्या दगडावर रून लिपीत डेन्मार्कचे नाव कोरलेले आहे. मध्ययुगात हान्सा या उत्तर जर्मन व्यापारी संघाच्या लोकांबरोबर त्यांच्या सखल प्रदेशातल्या जर्मन बोलीचे शब्द इतके आले, की बाजार, कारागिरी आणि कारभार यांतली निम्मी बोली परकी झाली म्हटले तरी चालेल. आपल्या दप्तरांत फारसी शिरली तसेच हे झाले. १५५० साली तिसऱ्या क्रिस्टियनच्या नावाने पूर्ण बायबल डॅनिशमध्ये छापले गेले आणि लेखी भाषेला एक घडी बसली. बोलणे मात्र त्या घडीत राहिले नाही. व्यंजने विरघळत गेली आणि घशात घेतलेला एक बारीकसा झटका अर्थ ठरवू लागला. ‘हुन’ म्हणजे ती. तोच शब्द झटका देऊन म्हटला तर कुत्रा. ग्रंथपाल तरुणीने मला तो झटका पाच वेळा करून दाखवला. तिने मला, वयाचा मुलाहिजा न ठेवता, ‘डू’ म्हणजे ‘तू’ म्हटले. १९६०-७०च्या दशकांपासून आदरार्थी ‘डी’ जवळजवळ संपले, आता ते राजघराण्यापुरते उरले आहे. मला पहिल्यांदा ते टोचले, दुसऱ्यांदा नाही. खिडकीला ते ‘वाऱ्याचा डोळा’ म्हणतात हेही तिनेच सांगितले, तेव्हा मी तिला गवाक्ष, म्हणजे बैलाचा डोळा, ऐकवला.

परतण्याच्या आदल्या दिवशी कोपनहेगनमधल्या असिस्टेन्स दफनभूमीत गेले. तेथे रास्मुस रास्क या भाषापंडिताची समाधी आहे. १८१८ साली छापलेल्या निबंधात त्याने दाखवले, की ग्रीक-लॅटिनमधला ‘प’ उत्तरेकडे ‘फ’ होतो आणि ‘द’चा ‘ट’ होतो. हाच नियम पुढे याकोब ग्रिम या जर्मन पंडिताच्या नावाने रूढ झाला. आपला पाद तिकडे ‘फोड’, दात ‘टँड’, दहा ‘टी’. हाच रास्क रशिया-इराण ओलांडून १८२० साली मुंबईत पोहोचला आणि पारशांकडून अवेस्ता या त्यांच्या धर्मग्रंथाचा अभ्यास करून हस्तलिखिते घेऊन मायदेशी परतला. त्याच्या समाधीच्या दगडावर डॅनिशबरोबर संस्कृत अक्षरेही आहेत. पावसाने ओल्या झालेल्या त्या देवनागरीवरून मी बोट फिरवले.

शेवटच्या सकाळी पुन्हा त्याच बेकरीत गेले. बाई म्हणाल्या, “फेम ओ हाल्फ्येर्स.” मी मनात औट विसा सत्तर म्हटले, त्यात पाच मिळवले आणि मोजून नाणी पुढे ठेवली. त्यांनी ती न मोजताच गल्ल्यात टाकली.