सलाईनमधून आलेली गाठ

चिपळूणच्या एका लॅबमध्ये मी हिस्टोपॅथॉलॉजी टेक्निशियन आहे, म्हणजे शरीरातून काढलेल्या गाठी तपासणीसाठी तयार करते. आम्हाला पेशंट दिसत नाही, बाटली दिसते. मोठ्या हॉस्पिटलची असेल तर रुंद तोंडाची, गाठीच्या दहापट फॉर्मॅलिन (गाठ टिकवणारं द्रावण), वर गाठ काढल्याची वेळ. हर्णै बंदराकडच्या एका बाईची स्तनातली गाठ आली जॅमच्या बाटलीत, सलाईनमध्ये, नवऱ्याच्या पिशवीतून, ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी दुपारी.

शरीराबाहेर आल्या क्षणापासून गाठ खराब व्हायला लागते. तासाभरात ती 10 टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये पडायला हवी, तीही काप देऊन. अख्खी टाकली तर बाहेरून शिजते आणि आत कच्ची राहते. मग किमान 6, जास्तीत जास्त 72 तास. सलाईन काहीच टिकवत नाही. कॅन्सर आहे एवढं अशा तुकड्यातही कळतं. पण तो हार्मोनवर वाढतोय का, हे सांगणारी ईआर-पीआर तपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते.

तिची तशीच आली. ईआर, पीआर आणि हर्टू (कॅन्सर वाढवणारं एक प्रथिन), तिन्ही निगेटिव्ह. मला खटकल्या त्या शेजारच्या निरोगी दुग्धनलिका. ईआरच्या स्लाइडवर त्यांच्या काही पेशींची केंद्रकं तपकिरी दिसायलाच हवीत. तीही कोरी. म्हणजे त्या तपासणीला काही अर्थच नव्हता. आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमना स्लाइड दाखवली. त्यांनी ‘निगेटिव्ह’ लिहिलं नाही. ‘नमुना अयोग्य, नवीन बायोप्सी पाठवा’ असं लिहून सही केली. पाठवणारे डॉक्टर अशा रिपोर्टवर चिडतात, म्हणून बरेच जण निगेटिव्ह लिहून मोकळे होतात. मला ते अक्षम्य वाटतं.

नवऱ्याला फोन मी केला. “ताई, अख्खी गाठ काढून दिली ना? आता परत काय काढणार?” तो दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी, बायको बंदरावर कोळंबी सोलते. दापोली, खेड अशा गाड्या बदलत यायचं, दोघांची मजुरी बुडवून. त्यात स्कॅनमध्ये आजार मणक्यात पोचलेला. मॅडमनी फोन घेतला आणि त्याला नीट समजावलं: निगेटिव्ह धरलं तर केमोशिवाय फारसं हाती उरत नाही; पॉझिटिव्ह निघाली तर घरी घ्यायच्या गोळ्या आहेत. टॅमॉक्सिफेनची गोळी काही रुपयांना मिळते, आणि हाडात गेलेला आजारही तिने वर्षानुवर्षं दबून राहू शकतो.

ती दोघं आली. काखेतल्या गाठीतून सुईने तुकडे काढले तेव्हा मी फॉर्मॅलिनची बाटली घेऊन शेजारी उभी होते. 1 टक्का पेशी रंगल्या तरी ईआर पॉझिटिव्ह म्हणतात. तिच्या जवळजवळ सगळ्या रंगल्या.

गरीब बाई लवकर गेली की ‘उशिरा आली’ म्हणतात. ही उशिरा आली होतीच. पण ती बाटली तिने निवडली नव्हती. सलाईनमधून आलेल्या किती गाठींचे ‘निगेटिव्ह’ रिपोर्ट ठिकठिकाणच्या फायलींत असतील, आणि त्या बायकांना ती स्वस्त गोळी कुणी दिलीच नसेल. त्यांच्या नावापुढे ‘आजार वाईट प्रकारचा’ एवढंच उरलं असेल.

हिच्या गोळ्या सुरू झाल्यात. हर्टू मात्र या वेळी 2+ आली, म्हणजे धड निगेटिव्ह नाही, धड पॉझिटिव्ह नाही. फिश या जनुकाच्या तपासणीशिवाय त्याचा निकाल लागत नाही. ती आमच्याकडे होत नाही, मेणात बसवलेला तुकडा, म्हणजे ब्लॉक, मुंबईला पाठवावा लागतो, आणि खर्च हजारांत. बोटमालकाकडून उचल घेतो, असं नवरा म्हणाला. मॅडमनी त्याला थांबवलंय आणि मदतीसाठी हॉस्पिटलच्या समाजसेविकेला चिठ्ठी दिली आहे. उत्तर अजून आलेलं नाही.