चिंचेच्या झाडावरून पडलेला पेशंट

फाल्गुनातली दुपार. मराठवाड्यात चिंचा झोडायचे दिवस. आमच्या कॅज्युअल्टीच्या दारात एक मोटारसायकल थांबली. पुढे भाऊ, मागे चुलता आणि दोघांच्या मध्ये आवळून बसवलेला पस्तिशीचा माणूस. पाय खाली लोंबत होते. एका पायातली चप्पल वाटेतच गळून पडली होती. अंगठा डांबरावर घासून रक्ताळला होता आणि त्याला त्याची खबरच नव्हती.

"उतरवू नका," म्हणत मी धावलो. चौघांनी मान, पाठ, कंबर एका रेषेत धरून त्याला स्ट्रेचरवर घेतलं. पावलापासून टाचणी टोचत वर गेलो. नडगी नाही, मांडी नाही. जांघेच्या वर गेल्यावर तो म्हणाला, "आता कळतंय."

उजवी टाच मोडली होती. उंचावरून पायावर पडलेल्याची टाच मोडलेली दिसली की मी पाठीचा एक्स-रे काढतोच, कारण तोच दणका वर कण्यात जातो. बरगड्यांनी जखडलेला छातीचा कणा जिथे संपतो आणि लवचीक कंबर सुरू होते, तिथे तो दणका साचतो. याचाही छातीचा बारावा मणका फुटून तुकडा मागे मज्जारज्जूवर आला होता.

परदेशी पुस्तकांत कण्याच्या दुखापतींचं पहिलं कारण म्हणून बहुधा वाहन अपघात येतात. आपल्याकडे मात्र कितीतरी रुग्णालयांच्या नोंदींत उंचावरून पडणं त्यांच्या बरोबरीला किंवा पुढेच असतं. चिंचेचं झाड, विहिरीचं खोदकाम, उन्हाळ्यात माळवदावर झोपलेला माणूस, उसाची ट्रॉली. विहिरीत सूर मारणारी पोरं मान मोडून घेतात, त्यांचे हातही जातात. येणारे बहुतेक कमावते पुरुष.

"पडल्यावर पाय हालवत व्हता, साहेब," भाऊ म्हणाला. "आम्हीच उठवून बसवला, पाणी पाजलं."

मी गप्प राहिलो. मज्जारज्जूला सूज येऊनही पाय नंतर जाऊ शकतात, म्हणून नक्की काय झालं ते सांगता येत नाही. पण मोडलेला कणा वाकवला की तुकडा आणखी आत रुतू शकतो, हे मला माहीत होतं. त्याला तेव्हा सांगायला जीभ रेटली नाही.

ऑपरेशन झालं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, ते भाऊ शिकला. मोबाइलला गजर लावून रात्रभर जागायचा. चौथ्या रात्री त्यानेच विचारलं, "तवा काय करायला पायजे व्हतं?"

आता टाळणं बरोबर नव्हतं. म्हणालो, "पडला तिथेच सरळ निजवून १०८ ला फोन करायचा. गाडी येतच नसेल, तर चौघांनी अंग न वाकवता सपाट फळीवर घ्यायचं, मान हलू द्यायची नाही, बांधून आणायचं. बाजेवर नको, बाज झोळते. घराचं कवाड काढलं तरी चालतं."

तो बराच वेळ भावाच्या पावलांकडे बघत राहिला.

"कवाड व्हतं की," तो म्हणाला. "झाडाखालीच आमची खोली हाय."

गजर वाजला. आम्ही दोघांनी मिळून त्याला डाव्या कुशीवर वळवलं.