२१२ मीटर

पारनेर तालुक्यातल्या एका गावाचा पाण्याचा ताळेबंद मी मांडते. त्या दिवशी दुपारी ग्रामसभा होती, म्हणून ऑक्टोबरची मोजणी उरकायला आठलाच पोचले. पोलादी टेपच्या टोकाला खडू फासायचा, टेप विहिरीत सोडायची आणि वर ओढून खडू कुठपर्यंत भिजलाय ते बघायचं. नळपाणी योजनेच्या विहिरीत पाणी ४.६० मीटरवर लागलं. गेल्या ऑक्टोबरात ते २.९० वर होतं. माझ्या पोटात गोळाच आला.

टेप गुंडाळते तोच शेजारच्या डाळिंबाच्या बागेत बोअरची गाडी शिरली.

बागेचे मालक वयानं मोठे, सगळं गाव त्यांना अण्णा म्हणतं. म्हटलं, "अण्णा, आधी अंतर मोजू." टेप तीस मीटरची. एक टोक ग्रामपंचायतीच्या शिपायानं धरलं. सात वेळा टेप टाकली, वर दोन मीटर. २१२.

पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घेता येत नाही. १९९३ च्या कायद्यात हे होतं, २००९ च्या भूजल अधिनियमातही आहे. कारण साधं आहे. आमचा खडक काळा पाषाण, पाणी त्याच्या भेगांतून आणि वरच्या मुरमातून फिरतं. विहिरीला पाणी देणारी भेग बोअरला लागली, की पाणी तिकडं ओढलं जातं.

अण्णा शांतपणे म्हणाले, "ताई, कायदा मला कळतो. मग त्या पलीकडच्या बोअरला का नाही कळला?"

पलीकडचा बोअर दोन वर्षांपूर्वीचा, अंतर साधारण साडेतीनशे मीटर. मला उत्तर सुचलं नाही. त्यांचं बरोबर होतं. तिसऱ्या वर्षाची बाग, डोक्यावर कर्ज, आणि नियम आठवला तो नेमका त्यांच्या वेळेला. मी एवढंच म्हटलं, "गाडी सभा होईपर्यंत थांबवा. आजचा हिशेब ऐका."

सभा मारुतीच्या देवळासमोर भरली. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारला असा ताळेबंद वर्षानुवर्षं मांडतात आणि शेतीसाठी बोअर घेत नाहीत. आमच्या गावाची ही दुसरीच वेळ, त्यामुळे फळ्यावर सगळं मुळापासून लिहिलं. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर. त्यातलं वाहून गेलेलं, उडून गेलेलं वजा. मग माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी आधी बाजूला. उरलेल्यात रब्बी. कांद्याला दहा-बारा पाळ्या लागतात, हरभऱ्याचं दोन पाळ्यांत भागतं. गेल्या वर्षीइतका कांदा धरला तर हिशेब तुटीत जात होता.

कुणी बोलेना. मग मागून एक आजी उठल्या. "दुष्काळात टँकर आला की सुनेनं पोराला टाकून हंडा उचलायचा. ते मला परत बघायचं नाही. अण्णा, तुमची बाग जगली पाहिजे, पर माझ्या हंड्यातनं नको."

अण्णा बराच वेळ फळ्याकडं बघत होते. शेवटी म्हणाले, "मग माझ्या बागेला पाणी कुठनं?" हाच खरा प्रश्न होता आणि तासभर त्यावरच गेला. खालच्या अंगाच्या दोन विहिरीवाल्यांनी आठवड्यातून एकेक पाळी द्यायची, बागेला ठिबक करायचं आणि त्या दोघांनी यंदा कांदा निम्मा करायचा असं ठरलं. ग्रामसेवकांनी ठरावात नावानिशी लिहिलं. अण्णांनी सही केली आणि गाडीवाल्याला यायचं-जायचं डिझेल खिशातून दिलं.

पलीकडच्या बोअरचा मालक सभेला आलाच नव्हता. त्याच्याविरुद्धचा अर्ज मी त्याच रात्री लिहिला, सोबत अंतराचा नकाशा जोडला. आता मार्चची मोजणी तोंडावर आलीय आणि मी अजून खेटे घालते आहे. अण्णा भेटले की पहिलं तेच विचारतात.