तुम्ही विचारलेत म्हणून: एल्कसाठी रजा कधी घ्यावी?

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात धनुष्यबाणाने एल्क या मोठ्या हरणाची शिकार करण्याचा हंगाम जवळपास सप्टेंबरभर चालतो. रजा मात्र बहुतेकांना एकाच आठवड्याची मिळते, त्यामुळे ‘नेमका कुठला आठवडा घ्यावा?’ असे मला दर उन्हाळ्यात विचारले जाते. माझे उत्तर ठरलेले आहे: २२ सप्टेंबरच्या सुमारास येणाऱ्या विषुवदिनाच्या आधीचा आठवडा.

एल्कचा माज दिवसाच्या लांबीवर अवलंबून असतो. बहुतेक माद्या सप्टेंबरच्या उत्तरार्धात आणि ऑक्टोबरच्या प्रारंभी माजावर येतात. त्यानंतर आठ महिन्यांहून थोडे अधिक दिवस गेले की मेअखेरीपासून जूनपर्यंत, डोंगरात कोवळे गवत असताना, पाडसे जन्माला येतात. म्हणूनच ‘यंदा उकाडा फार, माज लांबला’ हे बोलणे मला पटत नाही. उकाड्यात नर दिवसभर गर्द सावलीत बसून राहतात आणि हाळ्या देणे, झुंजणे हे सारे रात्री उरकतात, त्यामुळे आपल्याला माज दिसत नाही इतकेच.

मग ऐन भरातला आठवडा का घेऊ नये? कारण तोवर मोठ्या नराभोवती माद्यांचा कळप जमलेला असतो, आणि दुसऱ्या नराची हाळी कानावर पडली की तो पुष्कळदा झुंजायला न येता माद्यांना हाकत पलीकडच्या उतारावर निघून जातो. बाण सोडायला तीस-चाळीस यार्डांचे अंतर लागते. एवढ्या डोळ्यांना चुकवून ते गाठणे अतिशय कठीण. आठवडाभर आधी मात्र फार थोड्या माद्या माजावर असतात आणि कितीतरी नर एकटेच शोधात फिरत असतात, त्यामुळे मादीच्या आवाजाची नक्कल ऐकून ते पाहायला येतात. येतात तेही अनेकदा चकार शब्द न काढता, वळसा घालून, वाऱ्याच्या खालच्या अंगाने. म्हणून मी हाक देणारा मागे आणि धनुर्धारी पुढे, किंचित वाऱ्याच्या खालच्या बाजूला, असे बसणे पसंत करतो.

जागा ओळखायला नरांच्या लोळणी, म्हणजे माजात ते ज्यांत लोळतात ती चिखलाची डबकी, पाहाव्यात. ताजी लोळण असेल तर पाणी अजून गढूळ असते, मुताचा उग्र दर्प येतो, कडेच्या रोपट्यांवर ओला चिखल माखलेला असतो आणि शिंगांनी सोललेल्या खोडांतून राळ ओघळत असते. संध्याकाळी गार हवा उतारावरून खाली वाहू लागते. तेव्हा लोळणीच्या वरच्या अंगाला बसलात, तर तुमचा वास थेट तिथे पोहोचेल.

याच सुमारास ठासणीच्या बंदुकीचा नऊ दिवसांचा हंगामही असतो, त्यामुळे रस्त्यालगत वर्दळ वाढते. एखादी टेकडी ओलांडून आत जाण्याची तयारी ठेवा.

पाण्यावर दबा धरून बसणे ज्यांना आवडते, त्यांनी हंगामाचा पहिला, उन्हाचा आठवडा खुशाल घ्यावा. मात्र नर ३०० किलोंच्या घरात भरतो आणि त्या उन्हात मांस झपाट्याने खराब होते, म्हणून लगेच कातडे काढून, तुकडे करून ते सावलीत हवेशीर टांगायला आणि त्याच रात्री खाली उतरवायला सोबती हवेत. तेवढी माणसे नसतील, तर रजा पुढे ढकला.