वसईहून लिस्बनला: तीन दिवस, सात टेकड्या आणि आईचे गुडघे

आई 68 वर्षांची, तिचे दोन्ही गुडघे दुखतात, आणि जायचं ठरलं ते सात टेकड्यांवर वसलेल्या पोर्तुगालच्या राजधानीला, लिस्बनला. नातेवाइकांनी पॅरिस, स्वित्झर्लंड सुचवून पाहिलं, पण आई हटली नाही. तिचं लहानपण वसईच्या किल्ल्यात खेळण्यात गेलं. 1534 मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी ती घेतली, हे आमच्याकडे पोरासोरांनाही पाठ असतं. "ज्यांनी आपला किल्ला बांधला त्यांचं गाव मला बघायचंय," एवढंच तिचं म्हणणं होतं. मग मी, नवरा आणि आई असे तिघं ऑक्टोबरात निघालो.

व्हिसाचं आधी सांगते. शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. तुम्ही निदान दोन-तीन महिने आधी करा, सुट्ट्यांच्या हंगामात भेटीची वेळच मिळत नाही. किमान 30,000 युरोंचा प्रवास विमा लागतो आणि मोठ्या माणसाची फी 90 युरो आहे. मुंबईहून थेट विमान नाही, आखातातून किंवा इस्तंबूलमार्गे जावं लागतं. ज्येष्ठ माणूस बरोबर असेल तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून ठेवा. आईला आधी संकोच वाटत होता, पण मधल्या विमानतळावरची लांबलचक चाल वाचली तेव्हा तिलाच पटलं.

मुक्काम बायशा भागात घ्या. दोन टेकड्यांच्या मधला हा सपाट पट्टा. 1 नोव्हेंबर 1755 ला, सगळं गाव सणाच्या प्रार्थनेला चर्चमध्ये असताना, मोठा भूकंप झाला. पाठोपाठ समुद्राच्या लाटा आल्या आणि आगी लागल्या. त्यानंतर राजाचा मंत्री मार्क्विस ऑफ पोंबालने हा भाग पट्टीने आखल्यासारखा नव्याने वसवला. भिंतींच्या आत लाकडाचा पिंजरा घातला, म्हणजे पुन्हा जमीन हलली तरी घर तग धरेल. या जुन्या इमारतींत बऱ्याच ठिकाणी लिफ्ट नसते, तेव्हा खोली ठरवण्याआधी मजला आणि लिफ्ट दोन्ही विचारून घ्या. विमानतळावरून मेट्रोची लाल लाइन पकडायची, आलामेदाला हिरवी लाइन घ्यायची, की रोसियू किंवा बायशा-शियादूला उतरता येतं. मेट्रो, बस, ट्राम सगळ्यांना एकच कार्ड चालतं, फक्त प्रत्येकाचं कार्ड वेगळं हवं. एका कार्डावर तिघांना जाता येत नाही.

माझ्या पहिल्या आखणीत सोमवारी बेलेम हा नदीकाठचा भाग होता. तिकिटं काढायला बसले तेव्हा कळलं, तिथला जेरॉनिमोस मठ सोमवारी बंद असतो. लिस्बनमधली बरीचशी संग्रहालयंही सोमवारी बंदच. टेकडीवरचा साओ जॉर्ज किल्ला मात्र सोमवारी उघडा असतो. म्हणून सगळं फिरवून सोमवारी किल्ला आणि त्याखालची अल्फामा ही जुनी वस्ती, मंगळवारी बेलेम, बुधवारी शियादू हा टेकडीवरचा भाग आणि फरशांचं संग्रहालय असं बसवलं. तुम्हीही आधी वार बघा, मग यादी करा.

दुसरी गोष्ट चढांची, आणि ज्येष्ठांबरोबर जाणाऱ्यांसाठी तीच सगळ्यात महत्त्वाची: चढ वाहनाने किंवा लिफ्टने करायचा आणि उतरताना चालायचं. फिगैरा चौकातून 737 नंबरची छोटी बस थेट किल्ल्याच्या दारात नेते. फांकेइरुश रस्त्यावरच्या एका इमारतीत सार्वजनिक लिफ्ट आहे, फुकट. तिथून वर निघालं की थोड्या अंतरावर दुसरी लिफ्ट आणखी वर सोडते. शियादूला जायचं असेल तर बायशा-शियादू मेट्रो स्टेशनात एका बाजूने शिरा आणि सरकत्या जिन्यांनी टेकडीवर बाहेर पडा. गावातले लोकही तेच करतात. आईने तीन दिवसांत एकही मोठा चढ पायी चढला नाही.

साओ जॉर्ज किल्ला मूर लोकांचा, म्हणजे उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मुस्लिमांचा. 1147 मध्ये पोर्तुगालचा पहिला राजा अफोन्सो हेन्रिक्सने तो घेतला. तटावरून तेजो नदी इतकी रुंद दिसते की खाडीच वाटावी. आवारात मोर मोकळे हिंडतात. तिथून उतरत पोर्ताश दो सोल, मग सांता लुझियाचा सज्जा. या सज्जाच्या भिंतीवर निळ्या फरशांत भूकंपाआधीचा नदीकाठचा चौक चितारला आहे, तो बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. खाली अल्फामाच्या गल्ल्या. भूकंपातून हा भाग बराचसा वाचला, म्हणून रस्ते अजून वाकडेतिकडे आणि अरुंद आहेत, वर कपडे वाळत घातलेले. पायाखाली पांढऱ्या चुनखडीचे लहान चौकोनी दगड असतात. पाऊस पडून गेला की ते साबण लावल्यासारखे होतात. रबरी तळव्याचे, पकड असलेले बूट घाला. आईच्या चपला आम्ही दुसऱ्या दिवशी बॅगेत टाकल्या.

प्रसिद्ध पिवळी ट्राम 28 याच भागातून जाते. आमचा अनुभव बरा नाही. तासभर रांगेत उभं राहून आत शिरलो, तर बसायला जागा नाही, आणि नवऱ्याच्या खिशात कुणाचा तरी हात गेला. पाकीट वाचलं, पण आई घाबरली. बसायचंच असेल तर मार्तीं मोनिज या सुरुवातीच्या थांब्यावर सकाळी आठच्या आत जा आणि पाकीट पुढच्या बाजूला ठेवा.

बेलेमला ट्रामपेक्षा काइश दो सोद्रे स्टेशनाहून लोकल बरी, दहा मिनिटांत पोचवते. फक्त जलद गाडी बेलेमला थांबत नाही, तेव्हा पाटी बघून चढा. जेरॉनिमोसचं बांधकाम सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला, राजा मानुएलच्या काळात, पूर्वेच्या मसाल्यांच्या पैशातून सुरू झालं. दगडात कोरलेले दोरखंड, गाठी, समुद्री वनस्पती बघताना नजर हटत नाही. चर्चमध्ये शिरल्या शिरल्या वास्को द गामाची कबर. कबरीवर त्याची दगडी मूर्ती उताणी निजलेली आहे, छातीवर दोन्ही तळवे जोडलेले, आणि कबरीच्या अंगावर जहाज कोरलेलं. 1524 मध्ये तो कोचीत वारला, तिथेच आधी पुरला गेला आणि पुढे त्याचे अवशेष इकडे आणले. आई त्या जोडलेल्या हातांकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हा तिकडे आला नसता तर आपण बटाटा कधी खाल्ला असता?" मला मात्र तिथे गोव्याच्या पाडलेल्या देवळांची आणि तिथल्या धर्मन्यायालयाची आठवण येत होती, आणि अजूनही त्या देखण्या दगडांबद्दल माझं मन एकसारखं नाही. दोन्ही गोष्टी मनात घेऊनच ती जागा बघावी, असं मला वाटतं.

'बटाटा' हा शब्दही पोर्तुगीजच. त्यावरून आठवलं, शहरभर आपले शब्द भेटतात. सुपरमार्केटात पैसे भरायच्या स्क्रीनवर 'पगार' लिहिलेलं असतं, म्हणजे पैसे चुकते करणं. किल्ल्या बनवणाऱ्याच्या पाटीवर 'शाव्ह', ती आपली चावी. पाव, फीत, घमेलं, लिलाव, सगळे इथून आलेले. आईला हा खेळ इतका आवडला की ती पाट्या वाचून दाखवायला लावायची.

खाण्याचं. हॉटेलात बसल्यावर न मागता पाव, ऑलिव्ह, चीज टेबलावर येतं. ते फुकट नसतं. खाल्लं तर बिलात लागतं, नको असेल तर लगेच परत द्या, कुणी वाईट मानत नाही. शाकाहाऱ्यांना भाज्यांचं सूप बहुतेक ठिकाणी मिळतं. 'काल्दो वेर्द' हे हिरवं सूप शाकाहारी दिसतं, पण त्यात सॉसेजची चकती असते. कॅफेच्या काचेत 'शामुसा' दिसेल. तो आपला समोसा, बहुधा गोव्यामार्गे गेलेला, पण आत सहसा बीफ किंवा चिकन. मार्तीं मोनिजच्या आसपास भारतीय, नेपाळी, बांगलादेशी खानावळी आहेत, वरणभाताची आठवण झाली की तिकडे जा. बेलेमला 1837 पासून चालणाऱ्या दुकानातली कस्टर्ड भरलेली मैद्याची गरम वाटी वर दालचिनी घालून खा. तिथे पार्सलची आणि बसायची रांग वेगळी असते, आत भरपूर जागा आहे.

लिस्बनजवळच्या सिंत्रा गावाला आम्ही गेलो नाही. तीन दिवसांत ते कोंबू नका. तिथल्या महालांना एक अख्खा दिवस लागतो, चौथा दिवस असेल तरच.

शेवटच्या सकाळी कार्मोला गेलो. चौदाव्या शतकातला हा मठ, भूकंपात छप्पर कोसळलं ते पुन्हा घातलंच नाही. दोन्ही बाजूंना उंच कमानी, मध्ये उघडं आकाश, खाली गवत. आई आत आली आणि थबकली. "हे तर आपल्या किल्ल्यातलं चर्च," ती म्हणाली. वसई पडली त्यानंतर सोळा वर्षांनी हे छप्पर पडलं, पण कमानी अगदी तशाच उभ्या आहेत. कॉलेजात असताना किल्ल्यात काढलेला तिचा एक फोटो आहे, कमानीला टेकून उभी असलेली. तशीच ती इथे उभी राहिली, डावा हात दगडावर, आणि मला म्हणाली, काढ. आम्ही तिथे दीड तास बसलो, विमान गाठायचं होतं म्हणून उठलो. कार्मो रविवारी बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा.